साईड द्यायची जागा

आमच्या गाण्याच्या कार्यक्रमाला लोक येणार नाहीत, ही धास्ती मी तीन वर्षं बाळगली. पहिल्या वर्षी ती गमतीची होती, दुसऱ्या वर्षी अंगवळणी पडली आणि तिसऱ्या वर्षी तिने मला पुरतं धरलं. लोक आले तर काय होईल, याचा विचार मात्र मी एकदाही केला नाही. जिला अंदाज बांधण्याचाच पगार मिळतो तिच्याकडून हे व्हावं, हे मला अजून पचलेलं नाही.

मी मूळची यवतमाळकडची. नोकरी हिंजवडीत आणि भाड्याचा फ्लॅट भूगावात, अशी माझी बरीच वर्षं गेली. अमुक भागात दुकान काढलं तर गिऱ्हाईक किती येईल, शेजारी तसंच दुसरं दुकान निघालं तर त्यातलं किती तुटेल, हे मी स्क्रीनवरच्या रकान्यांत बसवून दाखवते. माझे अंदाज बहुधा खरे ठरतात. त्याचा मला गर्व होता, आणि तो माझ्या बोलण्याचालण्यातून दिसायचाही.

आमच्या इमारतीत माझ्या दोन मजले खाली ती राहायची. कोळवण खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन भूगावात आलेली. नवरा हिंजवडीतच एका कारखान्यात. लिफ्ट बंद पडली त्या संध्याकाळी जिन्यात आमची ओळख झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती माहेरच्या आंबेमोहोराची पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "ताई, कुकरात नका लावू हां. पातेल्यात करा, घर कसं घमघमतंय बघा," असं बजावून गेली. मी तो कुकरातच लावला आणि तिला मस्त झाला म्हणून सांगितलं. ती हसून म्हणाली, "शिट्टी ऐकली मी." त्या दिवसापासून माझा संध्याकाळचा दुसरा चहा तिच्याकडे ठरून गेला.

ऑफिसात माझा एक मित्र होता, सोलापूरचा, गाण्याचा वेडा. बंद सभागृहातल्या गारठवणाऱ्या एसीत बसून गाणं ऐकायचा आम्हा दोघांनाही कंटाळा आला होता. एखाद्या मोकळ्या रानात, उन्हं कलताना, सतरंजीवर बसून गाणं ऐकावं, असं आम्ही नुसतं बोलायचो. ते मी चहा पिताना तिच्या कानावर घातलं. "मग आमचं रान घ्या की," ती म्हणाली, "भात काढल्यावर मोकळंच पडलेलं असतंय. बाबांना विचारते." तिच्या बाबांना मी काका म्हणू लागले. उंच, वाकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी भाडं घेतलं नाही. लेकीची मैत्रीण आहे म्हणाले, आणि विषय संपला.

पहिल्या वर्षी शे-दोनशे माणसं आली, बहुतेक आमचीच ओळखीची. दुसऱ्या वर्षी त्याच्या तिप्पट. तेव्हा मी माझ्या धंद्याला जागले आणि नकाशा उघडून बसले. कोण कुठून आलं, किती वाजता निघालं, कुठे चुकलं, हे मी लोकांना विचारून विचारून लिहून काढलं. त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणूस तीस किलोमीटर हसत गाडी चालवतो, त्याला अंतराचं काही वाटत नाही. पण शेवटचे दोन-तीन किलोमीटर त्याचा जीव काढतात. पौडच्या पुढे रस्ता आत वळतो तोवर सगळं ठीक असतं. आमच्या फाट्यावरून वाडीकडे वळलं की रस्ता एका गाडीचा होतो, दोन्ही बाजूंना भातखाचरांचे उंच बांध येतात, मोबाईलची रेंज येत-जात राहते, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "नक्की हाच रस्ता आहे ना?" हे एकदा कुणी म्हटलं की गाडीतली मजा संपते. चौघांच्या गाडीत एक जण असा असतोच, आणि पुढच्या वर्षी यायचं की नाही हे तोच ठरवतो.

तो तीन किलोमीटरचा रस्ता काकांनी मला तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, पायी फिरवून दाखवला. त्यांचं घर रस्त्याच्या मध्यावर, आमचं रान त्याच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो तिथे. वाटेत तीन ठिकाणी बांध थोडा मागे सरलेला होता आणि एक-दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा तयार झाली होती. पहिल्या जागेशी काका थांबले.

"गाड्या कुटं बी लावा, वरच्या खाचरात लावा, देवळाम्होरं लावा. पर ह्या तीन जागा सोडायच्या. ह्या साईड द्यायच्या जागा हायेत."

मी मान डोलावली. ते पुढे म्हणाले, "आन आमच्यात एक रीत हाय. आतनं भायेर जानाऱ्याला आदी वाट द्यायची. आत येनारा थांबनार."

"असं का हो काका?"

"आत येनारा घरीच येतोय. त्याला कसली घाई? भायेर जानाऱ्याला काम असतंय. दवाखाना असतोय."

मला ते फार आवडलं. मी ते जसंच्या तसं फोनमध्ये टिपून घेतलं. कार्यक्रमाच्या निवेदनात, गावच्या रीतीभाती म्हणून, वापरता येईल असं मला वाटलं. निवेदनात ते वापरलं, आणि लोकांना आवडलंही.

त्याच सुमाराला आम्हाला कळलं की कासारसाईच्या धरणाजवळ दुसरा एक मोठा कार्यक्रम होणार आहे, आणि तोही आमच्याच शनिवारी, जानेवारीतल्या शेवटच्या. गायक नावाजलेला, मंडप भला मोठा, हिंजवडीतून गाडीने हाकेच्या अंतरावर. ऑफिस सुटल्यावर चपला घालून निघालं तरी पोचावं अशी जागा. मी रात्रभर रकाने भरत बसले नाही, कारण गरजच नव्हती. उत्तर उघड होतं. आमची अर्धी माणसं हिंजवडीची, आणि ती सगळी तिकडे जाणार. आमच्याकडे धड रेंज नाही, खाऊगल्ली नाही, गायिकेचं नाव जाणकारांनाच ठाऊक. मित्र म्हणाला, "शनिवार बदलू." पण गायिकेला दुसरा दिवस नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही माघार घ्यायची नव्हती. तिकडचे आयोजक एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटले होते. "तुमचं ते शेतातलं गोड असतं हो," असं म्हणाले. गोड हा शब्द माझ्या टाळूला चिकटला होता.

तेव्हा मी जे केलं ते माझ्या धंद्यातलं साधं गणित होतं. पास फुकट केले आणि सढळ वाटले. हिंजवडीतल्या कंपन्यांत, भूगावातल्या सोसायट्यांत, बावधनच्या जिममध्ये, जिथे शिरता आलं तिथे. फुकट पास घेणारा बहुतेक येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. समोर दुसरं काही चांगलं असेल तर मुळीच येत नाही. म्हणून भरपूर वाटायचे, म्हणजे रान निदान रिकामं दिसणार नाही. मित्राने विचारलं, "आणि सगळेच आले तर?" मी त्याला हसले. सगळे कधीच येत नाहीत, म्हटलं, हा शास्त्राचा भाग आहे.

ती तोवर माहेरी गेली होती. पहिलटकरीण, सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं आणि रीतीप्रमाणे काका येऊन तिला घेऊन गेले. मी तिला म्हटलं होतं, "अगं, इथे खाली उतरलं की दवाखाना. तिथे आत कशाला जातेस?" ती म्हणाली, "पहिलं माहेरीच असतंय ताई. आई ऐकायची न्हाई. आणि शेवटच्या आठवड्यात येतेच की खाली, नाव भूगावातच घातलंय." फेब्रुवारीच्या शेवटची तारीख दिली होती. कार्यक्रम त्याच्या चार आठवडे आधी. डिसेंबरात रस्ता बघायला गेले तेव्हा ती ओसरीवर पाय पसरून वाल सोलत बसली होती, पाय सुजलेले, चेहरा भरलेला.

"माझ्या आधी तुमचं आटपेल ना ताई?"

"आरामात. तू इथे ओसरीवर बसून ऐक."

"तेच तर. तिकीट न काढता पहिल्या रांगेत." मग वाल सोलायचं थांबून ती म्हणाली, "पण रस्ता बघा हां. डॉक्टरनी सांगितलंय, रक्त दिसलं तर तासभर बी थांबायचं न्हाई. वार खाली हाय म्हणे माझी, बाळाच्या वाटेत."

मी तिला वचन दिलं. त्या तीन जागा रिकाम्या राहतील, मी स्वतः बघेन, म्हटलं. ते म्हणताना मी खोटं बोलत नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मला बरं वाटत नव्हतं. हवा पडलेली होती, डोंगर धुरकट, पान हलत नव्हतं. आम्ही सतरंज्या अंथरल्या, पण निम्म्याच, कारण मोकळ्या सतरंज्या मोकळ्या रानापेक्षा वाईट दिसतात. मित्र साईड द्यायच्या जागांवर दोरी आणि झेंडूची माळ बांधून आला. मी रानाच्या कडेच्या खडकावर, जिथे रेंजच्या दोन कांड्या यायच्या, तिथे ठाण मांडून बसले.

अकराच्या सुमाराला फोन वाजायला लागला. कासारसाईच्या नावाजलेल्या गायकाला ताप भरला होता आणि तिकडचा कार्यक्रम पुढे ढकलला होता. पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. मग मी उठून उभी राहिले आणि खरं सांगते, टाळी वाजवली. एकटीच, त्या खडकावर. माझ्या फोनवर अनोळखी लोक पत्ता मागत होते, आणि प्रत्येकाला मी उत्साहाने नकाशा पाठवत होते. शनिवारची संध्याकाळ मोकळी झालेली सगळी हिंजवडी आणि खिशात आमचे फुकट पास. हे एकत्र केल्यावर काय होतं ते कुठल्याही शिकाऊ पोराने सांगितलं असतं. मला ते त्या क्षणी नुसतं यश दिसलं.

दुपारी दोनला वरचं खाचर गाड्यांनी भरलं. अडीचला देवळापुढची जागा. रस्त्यावर गाड्या एकामागे एक थांबल्या आणि बांधांच्या मधून धूळ वर यायला लागली. काका दोनदा वर येऊन गेले. पहिल्या वेळी म्हणाले, "लई गाड्या हायेत साहेब." बायकांनाही ते साहेबच म्हणत. दुसऱ्या वेळी म्हणाले, "खालच्या जागेवरची दोरी कुनीतरी सोडली. दोन गाड्या लावल्यात तितं." मी म्हटलं, "काढायला लावते काका." पण काढून लावायच्या कुठे, ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या मालकांना मी शोधलंही नाही. उलट तीनच्या सुमाराला मित्राने फोन करून विचारलं की बाकीच्या दोन जागा तरी मोकळ्या ठेवायच्या का, लोक वैतागलेत, मागे फिरतो म्हणतायत, तेव्हा मीच म्हटलं, "लावू दे. चार तासांचा प्रश्न आहे."

मागे फिरतो हे दोन शब्द मला सहन होणारे नव्हते. तीन वर्षं मी त्याच दोन शब्दांशी भांडत होते.

साडेतीनला मी बांधावर चढून खाली पाहिलं. जिथवर नजर जात होती तिथवर गाड्यांची टपं चमकत होती, फाट्याच्या वळणापर्यंत, आणि वळणापलीकडेही धूळ दिसत होती. मी फोटो काढला. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, आणि त्या कँटीनमधल्या आयोजकांनाही पाठवला. त्याखाली लिहिलं, गोड शेतातून नमस्कार.

गायिका मंचावर तानपुरे लावायला बसली तेव्हा पुढच्या सतरंज्या अर्ध्या रिकाम्या होत्या. लोक अजून रस्त्यात होते, काही गाड्या सोडून चालत येत होते. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला बोटांनी दहा मिनिटं अशी खूण केली. तेवढ्यात मित्राचा फोन आला. तो काकांच्या घराच्या खाली, रस्त्यात कुठेतरी होता. हॉर्नच्या आवाजात त्याचं बोलणं तुटत होतं.

"एक जीप खाली जायचीय. मधल्या जागेवरच्या गाड्या काढून, येणाऱ्या थोपवून, थोड्या मागे घ्याव्या लागतील. अर्धा तास सगळं बंद ठेवायला लागेल. ठेवू ना?"

"आत्ता? आत्ता गाणं सुरू होतंय आणि पुढे माणसं नाहीत. मुळीच नको."

"अगं, काका..."

काका दुपारपासून त्या जागांवरून माझ्या मागे लागले होते. मला वाटलं, पुन्हा तेच. "काकांना म्हणावं थोडा दम धरा," मी म्हटलं. "आधी येणारे येऊ देत. जाणारे नंतर." आणि मी फोन ठेवला. माझा आवाज चढलेला होता. कुणाची जीप, कशासाठी, एवढं विचारायला दोन शब्द पुरले असते.

गाणं सुरू झालं. पुढच्या सतरंज्या हळूहळू भरल्या, मग मागच्या, मग लोक बांधांवर बसले. असं रान मी कधी पाहिलं नव्हतं. मध्यंतराला काकांचा सत्कार ठरला होता, शाल आणि नारळ. निवेदिकेने आधी वाडीची ती रीत वाचून दाखवली, आतून बाहेर जाणाऱ्याला आधी वाट, आणि लोकांनी कौतुकाने माना हलवल्या. मग तिने काकांना मंचावर बोलावलं. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा बोलावलं. लोकांच्या टाळ्याही वाजवून झाल्या. शाल हातात घेऊन गायिका उभी होती आणि मी मनातल्या मनात चरफडत होते की ऐनवेळी हा माणूस कुठे गेला. शेवटी शाल गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिली.

उन्हं पार कलली तेव्हा मित्र वर आला. तो धुळीने पांढरा झाला होता आणि माझ्या शेजारी न बसता समोर उभा राहिला. त्याने सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. तिला सव्वातीनलाच रक्त दिसलं होतं. काकांनी जीप काढली, मागे ती आणि तिची आई. घरापासून मधल्या जागेपर्यंत ते आले आणि तिथे समोरून गाड्यांची भिंत. फोन मी ठेवल्यावर मित्राने काही वेळ वाट पाहिली, आणि मग मला न विचारता येणाऱ्या गाड्या अडवायला सुरुवात केली. पण मधल्या जागेवरच्या गाड्यांचे मालक वर गाणं ऐकत होते. त्यांना शोधायला माणूस पळाला. लोकांनी गाड्या हातांनी उचलून सरकवल्या. एकेक गाडी मागे घेत फाट्यापर्यंत जायला तासापेक्षा जास्त लागला. तिथून जीप सुटली.

"फोनवर सांगितलं का नाहीस, तिला घेऊन जातोय म्हणून?" मी विचारलं.

"सांगत होतो," तो म्हणाला.

ती वाचली. मुलगी होती, ती वाचली नाही. डॉक्टर म्हणाले की थोडं आधी आणलं असतं तर, आणि पुढे बोलले नाहीत, असं तिच्या नवऱ्याने मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. माझ्यावर तो रागावलेला नव्हता. त्याला फक्त एवढंच माहीत होतं की ट्रॅफिक लागला. "शनिवार होता ना," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्या हो बद्दल मला जेवढी लाज वाटते तेवढी क्वचितच कशाची वाटली असेल.

पुढचे काही आठवडे लोक माझं अभिनंदन करत होते. ऑफिसात माझ्या फोटोची वाहवा झाली. कँटीनमधल्या आयोजकांनी फोन करून पुढच्या वर्षी एकत्र येऊ म्हणून सुचवलं. मी तो फोटो एकदा मोठा करून पाहिला. खालच्या बाजूला, सगळ्या गाड्यांची तोंडं एका दिशेला आणि एका जीपचं उलट्या दिशेला, अगदी स्पष्ट दिसत होतं. मी तो सगळीकडून काढून टाकला, पण तोवर तो बराच फिरला होता. पुढच्या वर्षाला मी नाही म्हणून कळवलं आणि कारण दिलं नाही.

ती मार्चमध्ये भूगावला परत आली. तिचं दार बंद असायचं. मी लिफ्टने जाताना तिच्या मजल्याचा आकडा उजळून विझेपर्यंत खाली मान घालून उभी राहायचे. एकदा ती आत आली. आम्ही दोघीच होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि तळमजला आल्यावर मला आधी बाहेर जाऊ दिलं. मला वाटलं, दुःखाने बोलवत नसेल. तेव्हा मी अशी समजूत घालून घेत होते की फोनवरचं बोलणं फक्त मला आणि मित्रालाच माहीत आहे, आणि मित्र ते कुणाला सांगणार नाही.

ते मला मनात ठेवता येईना. झोप उडाली, अन्न नकोसं झालं, कामात चुका व्हायला लागल्या. मे महिन्यात एका रविवारी सकाळी मी वाडीवर गेले. रस्ता मोकळा होता, वाटेत एकही गाडी भेटली नाही. काका घरामागच्या वाफ्यात राब भाजत होते. पालापाचोळा आणि शेणी जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करायची ती त्यांची दरवर्षीची पद्धत. त्यांनी मला या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. काठीने जाळ सारखा करत राहिले. धूर माझ्या डोळ्यांत जात होता आणि मी ते निमित्त करून डोळे पुसले.

बराच वेळ मी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, "काका, त्या दिवशीचं मला सांगायचंय. तुमची जीप अडली ती नुसती गर्दीमुळे नाही. मला फोन आला होता. मी सांगितलं म्हणून थांबवलं तुम्हाला. त्या जागांवर गाड्याही मीच लावू दिल्या."

त्यांनी काठी खाली ठेवली नाही.

"ठाव हाय," ते म्हणाले.

"माझ्या मित्राने सांगितलं?"

"त्यानं न्हाई." त्यांनी जाळाची कड आत ओढली. "हार्नमधी त्याला काय आयकू येईना, म्हनून त्यानं फोन पीकरवर टाकला व्हता. जीपच्या खिडकीला टेकूनच हुबा व्हता तो. समदं आयकलं आमी."

काकांनी एक शेणी उचलून जाळात टाकली.

"मी म्हनलं, ह्या साहेब न्हाईत, दुसरं कुनीतरी हाय," काका म्हणाले. "तर मागनं पोर म्हनली, बाबा, आवाज ताईचाच हाय. ताईंला सांगा ना मी हाय म्हनून. तवर तुमी फोन ठिवला व्हता."